भंगारातला टर्बो आणि दुधाचा टँकर

काळे साहेबांनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. नळीत दोन चमचे दूध होतं. रज्जाकभाई आणि मी शेजारी उभे राहून त्या नळीकडं बघत होतो. दूध उकळायला लागलं आणि नळीच्या काचेवर बारीक बारीक दाणे चिकटलेले दिसायला लागले.

"फाटलं," काळे साहेब म्हणाले. "टँकर परत न्या."

डेअरीत ही चाचणी रोज होते. टँकरमधलं थोडं दूध नळीत घेऊन तापवायचं. फाटलं तर सगळा टँकर नापास. त्या दिवशी आठ हजार लिटर दूध एका नळीपायी परत निघालं. मी तिथं डेअरीच्या जनरेटरचा पंप बसवायला गेलो होतो, माझा त्या दुधाशी काही संबंध नव्हता. पण रज्जाकभाईंचा चेहरा बघून पाय निघेना.

रज्जाकभाई म्हणजे टँकरचे मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी, आणि बावीस वर्षं एकच गाडी. कन्नड घाटाखालच्या गावांमधून सकाळी दूध गोळा करायचं, घाट चढून वर यायचं आणि औरंगाबादला डेअरीत रिकामं करायचं. थोरल्या भावाच्या माघारी दोन्ही घरची अकरा माणसं या एका टँकरवर जेवत होती. गाडी जुनी झाली होती. भरलेला टँकर घेऊन घाट चढायला सव्वा तास लागायचा, तोही पहिल्या गिअरमध्ये. मध्येच पाणी उकळायचं, मग बॉनेट उघडून थांबायचं. थंडीत दूध तग धरायचं. होळी झाली की धरत नव्हतं.

"रज्जाकभाई, या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं," काळे साहेब म्हणाले. ते डेअरीचं ट्रान्सपोर्ट बघायचे. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाचा पक्का. "ऊन अजून पुढं आहे. मला साडेनऊच्या आत गेटवर येणारी गाडी पाहिजे. नव्या गाड्यांचे दोन मालक रोज येऊन बसतात इथं."

"साब, घाटामदी गाडी दमती."

"गाडी दमते म्हणून दूध थांबतं का?"

रज्जाकभाईंच्या आधी मी बोललो. न विचारता बोलणं ही माझी जुनी खोड आहे, बायकोनंही आता नाद सोडलाय.

"साहेब, नवी गाडी कशाला? ह्याच इंजिनाला टर्बो बसवतो मी."

काळे साहेब हसले. "पवार, हे इंजिन तुमच्या लग्नाच्या आधीचं आहे."

"माझं लग्न अजून टिकलंय की."

शेवटी ठरलं ते असं. आठ दिवस गाडी माझ्याकडं राहणार. तोवर डेअरी दुसरा टँकर लावणार. नंतर महिनाभर रज्जाकभाईंनी रोज साडेनऊच्या आत गेटवर यायचं. महिना पार पडला तर पुढच्या वर्षाचं कंत्राट त्यांचं. एक दिवस जरी दूध फाटलं तर टँकर बंद, आणि मग काळे साहेबांकडं रडत यायचं नाही.

बाहेर आल्यावर रज्जाकभाईंनी माझा हात धरला. डोळे भरून आले होते.

"मिस्त्री, तुमचे लई उपकार झाले." मग जरा थांबून म्हणाले, "पण टर्बो म्हंजे काय?"

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. डिझेल जळायला हवा लागते. साधं इंजिन आपल्या आपण श्वास घेतं, जेवढी हवा येईल तेवढीच. जास्त डिझेल ओतलं तर ते अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. चुलीत लाकडं कोंबली की घरभर धूर होतो, तसंच. तिथं आपली आई काय करायची? फुंकणी घेऊन फुंकायची. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. सायलेन्सरकडं जाणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं, एवढीच त्यातली अक्कल.

"मंग हे आधी का नाय बसवलं कंपनीनं?"

"आधी महाग होतं."

"अन् आता?"

"आताही महाग आहे. म्हणून आपण भंगारातून आणू."

रज्जाकभाईंनी बजेट एका वाक्यात सांगून टाकलं. "घरच्या शेरड्या विकीन मिस्त्री, बायकूच्या बांगड्या नाय विकणार." माझी मजुरी शेवटी बघू म्हणून मी विषय संपवला.

माझी पंप रूम पडेगावला, दौलताबाद रोडवर. पंप रूम म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करून टेस्ट बेंचवर त्यांचं माप लावायची जागा. गाडी आली तशी आधी इंजिनाची तब्येत बघितली. गळक्या घागरीत पाणी भरून उपयोग नाही. इंजिन दोनच वर्षांपूर्वी उघडून बांधलेलं होतं, कॉम्प्रेशन चांगलं निघालं. पण पंप काढून बेंचवर लावला आणि माझं डोकं सणकलं. कुणीतरी शहाण्यानं डिझेल वाढवायचा स्क्रू पार पिळून ठेवला होता. म्हणजे गाडी ओढत नाही, ओता डिझेल. हवा तेवढीच. म्हणून धूर, म्हणून उष्णता, म्हणून उकळणारं पाणी. ज्यानं हे केलं त्याचा उद्धार मी अर्धा तास केला. रज्जाकभाई खाली मान घालून ऐकत होते. संध्याकाळी कळलं की तो त्यांचा मेहुणा.

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंना घेऊन भंगार बाजारात गेलो. त्या काळात टर्बोच्या गाड्या रस्त्यावर नव्या नव्या आल्या होत्या. त्यामुळं अपघातात गेलेल्या गाडीचा टर्बो भंगारात यायचा, पण विकणाऱ्याला त्याची ओळख नसायची. तीन दुकानं पालथी घातल्यावर चौथ्या दुकानात स्प्रिंगच्या पाट्यांच्या ढिगाखाली तो दिसला. जवळजवळ आमच्याच मापाच्या इंजिनाचा होता.

"चच्चा, ये क्या है?" मी आवाज अगदी मेल्यासारखा काढला.

"क्या मालूम. घोंगा दिखता," चच्चा म्हणाले. घोंगा म्हणजे गोगलगाय. टर्बोचा आकार तसा असतोच. "पानी के पंप का होएंगा. होना क्या तुमको?"

"देखता. लोहे के भाव में दिये तो लेता."

मी दांडा बोटांत धरून हलवून पाहिला. आजूबाजूला किंचित हलला, ते चालतं, कारण तिथं तेलाचा थर बसतो. मागं-पुढं अजिबात हलला नाही. पंख्याची पाती शाबूत. मला तिथंच नाचावंसं वाटलं, पण भंगारवाल्यासमोर तोंड पाडूनच उभं राहायचं असतं. लोखंडाच्या भावानं, काट्यावर तोलून, मी टर्बो घेऊन बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि मग रज्जाकभाईंना मिठी मारली.

आता हा टर्बो ज्या इंजिनाचा होता ते वेगळं, आमचं वेगळं. दोघांची भोकं जुळेनात. मधे जोडपट्टी पाहिजे. त्यासाठी मुकुंदवाडीला कचरूनानांकडं गेलो. स्टेशनच्या मागं त्यांचं लेथ मशीन होतं. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं, अगदी मापांसकट.

"कागद ठिव तिकडं," नाना म्हणाले. "वस्तू दाव."

वस्तू दाखवली. त्यांनी दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या, तंबाखूची चिमूट लावली आणि जाड प्लेट कातायला घेतली. दुपारपर्यंत अशी जोडपट्टी दिली की बोल्ट हातानं फिरले. कागद तसाच पडून होता, जाताना मी तो हळूच खिशात घातला.

टर्बोला तेल लागतं. दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, आणि त्याला आधार म्हणजे फक्त तेलाचा थर. इंजिनाच्या तेलाच्या वाटेवरून एक बारीक पाइप टर्बोला आणला आणि तिथून एक जाड पाइप परत खालच्या चेंबरला, म्हणजे तेलाच्या टाकीला, नेला. इथं मी माती खाल्ली. मधे इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन येत होतं म्हणून परतीचा पाइप मी थोडा आडवा वळवून नेला. गाडी चालू केली आणि सायलेन्सरमधून निळा धूर. निळा म्हणजे तेल जळतंय. पडेगाव दिसेनासं झालं. मला वाटलं टर्बोच खराब निघाला. डोक्याला हात लावून बसलो. जोडपट्टीचे बोल्ट द्यायला आलेल्या नानांनी वाकून पाइप बघितला.

"पवार, पाणी चढाला जातं का रं कुठं?"

"नाय."

"मंग तेल कसं जाईल?"

परतीच्या तेलाला दाब नसतो, ते आपल्या वजनानं खाली पडतं. वाट आडवी असली की तुंबतं आणि पंख्यात शिरतं. ही गोष्ट मी पोरांना शिकवत आलो होतो! पाइप सरळ उताराचा केला, चेंबरला नवं भोक पाडलं. धूर बंद.

नंतर पंपाचं माप. मेहुण्याचा स्क्रू आधी पूर्ण मागं घेतला, मग हवेच्या हिशोबानं थोडा थोडा पुढं. टर्बोच्या हवेचा दाब अर्ध्या किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, जुन्या पिस्टनवर जुलूम नको. दाब बघायला एअर-ब्रेकचा जुना गेज लावला. धुराची उष्णता मोजायला खास मीटर येतो, तो आमच्या ऐपतीबाहेरचा. मी पूर्वी चिकलठाण्याला ज्या कारखान्यात होतो तिथल्या भट्टीचा एक टाकाऊ मीटर मित्राकडून मागून आणला आणि डॅशबोर्डवर तारेनं बांधला.

"हा काटा साडेसहाशे डिग्रीच्या वर गेला की पाय उचलायचा," मी रज्जाकभाईंना बजावलं. "तेल मी सांगतो तेच टाकायचं. दर वेळी वेळेवर बदलायचं. आणि एक. गाडी लावताना लगेच बंद करायची नाही. दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, मग स्टॉपची केबल ओढायची."

"का बरं?"

"टर्बो लालभडक तापलेला असतो. इंजिन बंद केलं की तेल यायचं थांबतं. आत राहिलेलं तेल करपतं."

"व्हय. करीन."

आणि त्यांनी शब्द पाळला, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी मी साडेआठपासून रस्त्यावर उभा होतो. टँकर दौलताबादकडून येणार आणि माझ्या दारावरूनच पुढं शहरात जाणार. पावणेनऊला लांबून हॉर्न ऐकू आला. एकसारखा, लांबलचक, वरातीसारखा. टँकर आला. धूर नाही, वाफ नाही. रज्जाकभाई खिडकीतून अर्धे बाहेर.

"मिस्त्री! बत्तीस मिनटं! घाट बत्तीस मिनटांत! दोन नव्या गाड्यांना मागं टाकलं!"

गाडी न थांबवता ते ओरडत पुढं निघून गेले. मी रस्त्याच्या कडेला एकटाच हसत उभा. समोरच्या टपरीवाल्यानं चहा फुकट पाजला.

अठरा दिवस असेच गेले. रोज नऊच्या आगेमागे हॉर्न. काळे साहेब गेटवर घड्याळ बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. मी मात्र भेटेल त्याला बोलायचो. माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाची बटणं धोक्यात होती.

एकोणिसाव्या दिवशी हॉर्न आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पावणेदहाला काळा धूर ओकत टँकर माझ्या दारावरून गेला. रज्जाकभाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. मी स्कूटर घेऊन मागोमाग डेअरीत पोचलो. काळे साहेब नळी तापवत होते. त्या दिवशी आभाळ आलेलं होतं, गारवा होता, म्हणून दूध वाचलं. नळी स्वच्छ निघाली.

"साडेनऊ ठरलं होतं," काळे साहेब म्हणाले. "दूध वाचलं म्हणून आज सोडतो. पुन्हा सोडणार नाही. पवार, तुमच्या जिवावर मी वर शब्द टाकलाय."

दुपारी टर्बो उतरवला. दांडा फिरेना. उघडून बघितलं तर आत काळा, कडक थर, तव्यावर करपलेल्या तेलासारखा. तेल जळून बेअरिंगला चिकटलं होतं. दांडा आणि पंखे वाचले होते, एवढंच नशीब.

मी रज्जाकभाईंवर भडकलो. "तेल कुठलं टाकलं?"

त्यांनी सीटमागून डबा काढून दाखवला. मी सांगितलेलंच.

"गाडी लावताना चालू ठेवता का तीन मिनिटं?"

"अल्ला कसम, मिस्त्री. रोज. गेटवर घड्याळ लावून बसतो. वॉचमनला इचारा."

वॉचमनला खरंच विचारलं. खरं निघालं. मग मी तेलाचे पाइप फुंकून बघितले, चेंबर तपासलं, कचरूनानांच्या जोडपट्टीवरही उगाच संशय घेतला. सगळं ठीक होतं. सगळं ठीक असताना बिघडलेली गाडी ही मेकॅनिकची सगळ्यात मोठी बेअब्रू. टर्बो साफ करून नवं बेअरिंग किट टाकलं, जोडला, गाडी चालू केली. छान चालली. पण का बिघडली ते कळल्याशिवाय ही दुरुस्ती म्हणजे नुसती मलमपट्टी होती. आणखी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच झालं असतं, आणि तेव्हा आभाळ आलेलं नसतं.

"उद्या मी येतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालच्या गावात टँकर भरला आणि आम्ही निघालो. मी ड्रायव्हरशेजारी, डोळे काट्यावर. घाट लागला. रज्जाकभाईंनी गाडी दुसऱ्यात टाकली, मग तिसऱ्यात. गेज अर्ध्या किलोवर. काटा सहाशेवर गेला, सहाशेवीस, तिथंच राहिला. पाणी थंड. पुढं एक भरलेला ट्रक रडत चढत होता, त्याला मागं टाकलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी कशाला आलोय ते विसरलो. खिडकीतून वारा येत होता, मागं आठ हजार लिटर दूध आणि खाली बावीस वर्षांचं इंजिन गात होतं. माझ्या हातचं काम! डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं नव्हतं.

शेवटचं वळण संपलं. घाटमाथा आला. डाव्या हाताला एका पीराची मजार, वर हिरवी चादर, शेजारी लिंब, जरा पुढं चहाची टपरी. रज्जाकभाईंनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि थेट स्टॉपची केबल ओढली. इंजिन गप्प.

काटा सहाशेवीसवर होता.

"चालू करा!" मी किंचाळलो. "आधी चालू करा!"

त्यांना वाटलं कुठं आग लागली. घाबरून त्यांनी सेल्फ मारला. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि आपण काय केलं हे ध्यानात येताच त्यांनी दोन्ही कान धरले.

"तोबा! मिस्त्री, बाबांच्या समोर इंजिन चालू करायला लावलं तुम्ही!"

"तुम्ही रोज इथं बंद करता?"

"बावीस वर्सांपासून. समदेच करतात. घाट चढला की बाबांना सलाम. अन् बाबांसमोर इंजिन धडधडत ठेवायचं व्हय? बेअदबी झाली की ती."

"मी सांगितलं होतं ना, गाडी लावताना लगेच बंद करायची नाही?"

रज्जाकभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच खुळा आहे. "हे काय गाडी लावणं हाय का? हा तर सलाम हाय."

त्यांच्या हिशोबात गाडी लावणं म्हणजे डेअरीत, घरी, ढाब्यावर. तिथं ते घड्याळ लावून बसत होते. सलाम हा थांबा नव्हताच. आणि नेमका तो सलाम संबंध रस्त्यावर जिथं टर्बो सगळ्यात जास्त तापलेला असतो त्याच जागी. जुन्या इंजिनाला त्यानं काही होत नव्हतं. माझ्या टर्बोचा मात्र रोज सकाळी तवा होत होता.

"उद्यापासून इथं थांबायचं नाही," मी म्हणालो.

"नक्को मिस्त्री, ते होनार नाय."

"अहो, कंत्राट जाईल."

"जाऊंद्या. बाबांनी बावीस वर्सं गाडी वर आणली. तुमच्या पंख्यानं अठरा दिवस."

इंजिन चालू होतं तोवर त्यांनी जागेवरूनच घाईनं हात कपाळाला लावला, मीही हात जोडले, आणि आम्ही निघालो. वेरूळ गेलं, खुलताबादची चढण गेली. मला राग त्यांचा नव्हता, माझा होता. मी इंजिनाची सगळी मापं घेतली होती, पण या माणसाचा रस्ता एकदाही विचारला नव्हता.

दौलताबादच्या वेशीत समोरून टुरिस्ट बस आली. दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, म्हणून थांबलो. बस हळूहळू अंग चोरून बाहेर निघत होती.

"मिस्त्री," रज्जाकभाई समोर बघत म्हणाले, "पैदल गेलं तर?"

"कुठं?"

"बाबांकडं. म्होरं टपरीपाशी गाडी थांबवायची. तिथून चालत माघारी यायचं. असं बगा, गाडीतून उडी मारून दोन पावलांत सलाम ठोकायचा, हे बी काय खरं नव्हतं. अदब म्हंजे चालत जाणं. हातपाय धुऊन, वजू करून."

मी ताठ बसलो. "वजूला किती वेळ लागतो?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. "लागतात तीन-चार मिनटं. पाण्याचा क्यान हाय गाडीत."

"वजू करताना, तिकडं टपरीपाशी, इंजिन चालू राहिलं तर चालेल?"

"तिथं बाबा कुठं हायत?"

मागच्या जीपवाल्यानं हॉर्न मारला. बस केव्हाच निघून गेली होती. आम्ही दोघं वेशीत हसत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. घाट चढला, मजारीसमोरून गाडी सावकाश पुढं नेली, टपरीपाशी सपाटीला लावली. इंजिन चालूच. रज्जाकभाई क्यान घेऊन उतरले. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. आयुष्यात मी कुणाचा वजू इतका निरखून बघितला नसेल. एक डोळा त्यांच्यावर, एक काट्यावर. साडेपाचशे, चारशे, तीनशे. दुसरा पाय धुऊन ते उभे राहिले तेव्हा काटा अडीचशेच्या खाली होता. मी केबल ओढली. रज्जाकभाई खांद्यावरचा रुमाल डोक्याला बांधून मजारीकडं चालत गेले. त्यांच्यामागून मीही गेलो. परत येईपर्यंत सगळी मिळून दहा मिनिटं गेली. नऊ वाजून पाच मिनिटांनी गेटवर.

महिन्याचे उरलेले दिवस एकही खाडा झाला नाही. शेवटच्या दिवशी ऊन असं होतं की सकाळीच डांबर बुटाला चिकटत होतं. काळे साहेब गेटवर उभे होते. टँकर नऊ वाजून सात मिनिटांनी आत आला. साहेबांनी स्वतः नळी भरली, तापवली, उजेडाकडं धरून दोनदा फिरवून बघितली. दूध काचेवरून पाण्यासारखं घरंगळलं.

"घ्या आत," ते म्हणाले. मग रज्जाकभाईंना ऑफिसात बोलावून त्यांनी पुढच्या वर्षाच्या कंत्राटावर सही घेतली. रज्जाकभाई बाहेर आले आणि गेटच्या कट्ट्यावर बसले. रुमालानं तोंड झाकून ढसाढसा रडले. मी शेजारी बसून राहिलो. नंतर काळे साहेब माझ्याकडं वळले. "पवार, माझ्याकडं अजून दोन जुने टँकर घाट चढतात. बघता का?"

बघितले. पुढच्या दोन वर्षांत मी नऊ जुन्या गाड्यांना टर्बो बसवले. कचरूनानांनी जोडपट्ट्या केल्या, आणि चच्चानं घोंग्याचा भाव चौपट केला. रज्जाकभाईंचा टर्बो सहा वर्षं चालला, गाडी विकली तेव्हाही चालू होता. घाटमाथ्यावर पुढं टपरीपाशी इंजिनं चालू ठेवून ड्रायव्हर लोक हातपाय धुताना दिसायला लागले. त्यात हनुमानाचे भक्त होते, खंडोबाचे होते, सगळे होते.

आता गिऱ्हाईक टर्बोसाठी आलं की मी बॉनेट नंतर उघडतो. आधी विचारतो, रस्त्यात कुठं कुठं थांबता? सगळे एकच उत्तर देतात, "कुठंच नाय." मग मी चहा मागवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो.